जिनं डॉक्टरकी वाटून टाकली

लातूर-नांदेडात दरवर्षी हजारो मुलंमुली डॉक्टर व्हायचं स्वप्न घेऊन येतात. याच बालाघाटाच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडमध्ये, एका डॉक्टरनं कधी शाळेची पायरीही न चढलेल्या बायकांना गावाचं आरोग्य सांभाळायला शिकवलं. त्या डॉ. मेबल आरोळे यांच्याविषयी...

नीटचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडच्या चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. हसऱ्या मुलामुलींचे फोटो, खाली मार्क, वर क्लासचं नाव. लातूर पॅटर्ननं या भागाला ओळख दिली, त्याचा अभिमान आहेच. त्या फोटोंतली कितीतरी मुलं शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, छोट्या दुकानदारांच्या घरातली असतात.

पण एक प्रश्न फ्लेक्सवर कधीच नसतो. एवढे डॉक्टर झाल्यावर जातात कुठे? किनवटच्या पाड्यावर, मुखेडच्या तांड्यावर, जळकोटच्या एखाद्या वाडीवर रात्री लेकरू तापानं फणफणलं तर त्याच्याजवळ कोण असतं?

हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी एका तरुण डॉक्टर जोडप्याला पडला होता. मेबल आणि रजनीकांत आरोळे. दोघांचं नाव नेहमी जोडीनंच घेतलं जातं आणि ते बरोबरच आहे, काम दोघांचं होतं. पण गावातल्या बायकांना हाताशी धरून आरोग्यसेविका म्हणून उभं करण्यात मेबल यांचा मोठा वाटा होता. म्हणून आज गोष्ट त्यांची.

जबलपूरची मुलगी

मेबल यांचा जन्म २६ डिसेंबर १९३५ चा, जबलपूरचा. माहेरचं आडनाव इमॅन्युएल. वडील तिथल्या धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक. घरात पुस्तकं होती, शिकायला कुणाची आडकाठी नव्हती. त्या काळात मुलीला डॉक्टर होण्यासाठी हजार-दीड हजार किलोमीटर लांब पाठवणं ही साधी गोष्ट नव्हती. मेबल मात्र तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या.

वेल्लोरची परंपरा वेगळी होती. आयडा स्कडर या अमेरिकन डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं बायकांसाठी दवाखाना सुरू केला होता. पुरुष डॉक्टरकडून बाळंतपण करून घ्यायला घरचे तयार नसायचे आणि त्यापायी बायका मरायच्या, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. रस्त्याच्या कडेला, झाडाखाली पेशंट तपासायची रीत वेल्लोरच्या डॉक्टरांना तेव्हापासूनची.

याच कॉलेजात मेबल यांना रजनीकांत भेटले. ते नगर जिल्ह्यातल्या सुप्याचे, शिक्षकाच्या घरातले. खेड्यात माणसं कशानं मरतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. १९५९ मध्ये दोघांचं शिक्षण संपलं, १९६० मध्ये लग्न झालं. लग्नाच्या दिवशीच दोघांनी ठरवून टाकलं, आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं. असं ठरवणारे पुष्कळ असतात. हे दोघं खरंच गेले.

तेच पेशंट, तेच आजार

आधी काही काळ कर्नाटकातल्या कोलारच्या मिशन हॉस्पिटलात आणि मग १९६२ पासून नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात दोघांनी काम केलं. वडाळ्यात ओपीडीला गर्दी असायची, ऑपरेशनं व्हायची, लोक आशीर्वाद द्यायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, डॉक्टरांचं उत्तम चाललंय.

पण मेबल यांना एक गोष्ट खटकायला लागली. जुलाबानं सुकलेलं पोर सलाईन लावून बरं करायचं, घरी पाठवायचं, आणि थोड्या दिवसांनी तेच पोर पुन्हा दारात. कारण घरी पाणी तेच, अन्न तेच, समजुतीही त्याच. बाळंतीण येईपर्यंत उशीर झालेला असायचा. बाळाला धनुर्वात झालेला असायचा. म्हणजे दवाखान्यात येणारे बहुतेक आजार मुळात व्हायलाच नको होते. आणि जे खरे गरीब होते, ते तर दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हते.

म्हणजे हॉस्पिटल भरलेलं, पण गावं होती तशीच.

हा विचार घेऊन दोघं १९६६ मध्ये अमेरिकेला गेले. चार वर्षं तिथं शिकले, शेवटी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. तिथं कार्ल टेलर नावाचे प्राध्यापक होते. जन्म भारतातला, आणि पंजाबात नारंगवाल इथं गावपातळीवर आरोग्याचं संशोधन उभं करणारे. त्यांच्या हाताखाली शिकताना जामखेडचा आराखडा आकाराला आला. एका भागातली ठरावीक गावं घ्यायची, आधी तिथली परिस्थिती मोजायची, कामाला लागायचं आणि काही वर्षांनी पुन्हा मोजायचं. काम झालं की नाही, हे डॉक्टरांच्या भावनेवरून ठरणार नव्हतं. ते आकड्यांवरून ठरणार होतं.

अमेरिकेत राहून गेले असते तर कुणी नावं ठेवली नसती. १९७० मध्ये ते परतले.

जनावरांचा दवाखाना

जामखेड तेव्हा कसं होतं? नगर जिल्ह्याचा हा तालुका बीड आणि आजच्या धाराशिवच्या हद्दीला लागून. अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडी इथलंच, १७९५ ची लढाई झालेलं खर्डा इथलंच. इतिहास मोठा, पण पाऊस कमी. बालाघाटाची हीच रांग पुढे बीड, धाराशिव, लातूर करत कंधार-मुखेडकडे उतरते. त्यामुळे मराठवाड्यातल्या वाचकाला जामखेडचं चित्र वेगळं समजावून सांगायला नको. ज्वारी, मेंढरं, ऊसतोडीला जाणारी माणसं आणि टँकरची वाट.

स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांना बोलावलं, जागा दिली. पहिला दवाखाना सुरू झाला तो जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. सुरुवातीला सुमारे ३० गावं आणि ४० हजार लोकवस्ती कामासाठी घेतली.

पहिलं काम मोजणीचं. १९७१ च्या सुमाराला या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे साधारण सहातलं एक. प्रत्येक घरात एखादं गेलेलं मूल होतं आणि लोक ते नशीब म्हणून सोडून देत होते.

मग आला १९७२ चा दुष्काळ. आजी-आजोबांना विचारा, खडी फोडायची कामं आणि सुकडी अजून आठवते त्यांना. अशा वेळी आरोग्याच्या गप्पा कोण ऐकणार? लोकांना हवं होतं अन्न आणि पाणी. आरोळे दांपत्यानं आपला क्रम बदलला. गावोगावी लहान मुलांसाठी सामूहिक स्वयंपाक सुरू झाला. गावकऱ्यांनीच शिजवायचं, सगळ्या जातींच्या पोरांनी एका पंगतीत खायचं. तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली, त्यांनी जागा दिली, लाकूडफाटा दिला, मुलांची वजनं करायला हात लावला.

पाण्यासाठी बोअर घेतले, हापसे बसवले. शक्य तिथं हापसा दलित वस्तीत बसेल असं पाहिलं. ज्यांना गावच्या विहिरीवर जायची बंदी होती, त्यांच्या दारात आता पाणी, आणि बाकी गाव घागरी घेऊन तिथं यायला लागलं. त्यासाठी भाषण करावं लागलं नाही. तहान पुरेशी होती.

नर्सबाई टिकल्या नाहीत

आराखड्यात एक गोष्ट मात्र चुकली. आधी ठरलं होतं की शिकलेल्या नर्स गावात ठेवायच्या. पण शहरात शिकलेली तरुण मुलगी परक्या गावात एकटी कशी राहणार? आणि राहिली तरी गावातली सासू तिचं का ऐकणार? नर्सबाई टिकेनात, आणि ज्या होत्या त्यांच्याजवळ बायका मनातलं बोलेनात.

मग गावकऱ्यांशी बोलताना वाट सापडली. गावातलीच बाई घ्यायची. गावानं निवडलेली, संसार केलेली, शेजारणी जिच्यावर विश्वास ठेवतील अशी. लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल.

या बायका होत्या कोण? पुष्कळशा दलित, काही मराठा, काही इतर जातींच्या. कुणी लहानपणीच लग्न होऊन आलेली, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी शेतमजूर. स्वतःचं नाव सांगायचीही सवय नसलेल्या. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख.

त्यांना शिकवायचं काम मेबल यांनी मनापासून अंगावर घेतलं. लक्षात घ्या, या बाई वेल्लोर आणि जॉन्स हॉपकिन्सच्या पदवीधर. हिंदी मुलखात वाढलेल्या. त्यांच्यासमोर जमिनीवर बसलेल्या बायकांच्या हातात पाटी-पेन्सिलही कधी आली नव्हती. मेबल यांनी त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायला सुरुवात केली. पहिला धडा रोगाचा नव्हताच. तो होता स्वतःचं नाव मोठ्यानं सांगण्याचा. तुम्हाला पुष्कळ कळतं, तुम्ही शिकू शकता, हे आधी त्यांना पटायला हवं होतं.

दर आठवड्याला या बायका जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. शिकायचं काय? गरोदर बाईला कसं तपासायचं, कोणत्या खुणा दिसल्या की तिला लगेच दवाखान्यात न्यायचं. नाळ कापताना पातं उकळून का घ्यायचं. बाळाला पहिल्या दिवसापासून अंगावर का पाजायचं, चिकाचं दूध का फेकायचं नाही. पोट मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल म्हणून गरोदर बाईला कमी जेवायला घालणं कसं घातक. जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. गोवर म्हणजे देवीचा कोप नव्हे. अंगावरच्या बधिर चट्ट्यावरून कुष्ठरोग कसा ओळखायचा, महिनाभराच्या खोकल्यावरून क्षयाची शंका कशी घ्यायची.

चित्रं, गाणी, गोष्टी, आणि पुन्हा पुन्हा उजळणी. बाई गावात गेली की आठवडाभर घरोघरी फिरायची, पुढच्या आठवड्यात काय घडलं ते सांगायची. तिचे अनुभव हाच पुढचा धडा. अडलेली केस असेल तर सगळ्या मिळून डोकं लावायच्या. तुम्ही जिला आज केस डिस्कशन म्हणता ना, तेच.

अडचणी होत्याच. सुरुवातीला वरच्या जातीतल्या काही बायका दलित बायकांच्या शेजारी जेवायला, झोपायला तयार नव्हत्या. मुक्कामात सगळ्यांनी एकत्र जेवायचं, एकाच मोठ्या वाकळेखाली झोपायचं असं ठरलं. कुरबुर झाली, पण हळूहळू ती वाकळ सगळ्यांची झाली. जी बाई जात ओलांडू शकत नाही ती सगळ्या गावाच्या घरांत कशी शिरणार, हा साधा व्यवहार त्यामागं होता.

डॉक्टरांच्या हातातून सुटलेलं ज्ञान

इथं थांबून विचार करा. निरक्षर बाईच्या हातात औषधाची पेटी देणं तेव्हाच्या डॉक्टरांना कसं वाटलं असेल? आजही शंका येईल. चुकली तर? गावात तिचीच भोंदूगिरी सुरू झाली तर?

मेबल यांनी या शंकेला व्यवस्थेनं उत्तर दिलं. काय करायचं याच्याइतकंच काय करायचं नाही, हे पक्कं शिकवलं जायचं. पाठीशी फिरती टीम, तिच्या मागं जामखेडचं हॉस्पिटल. गावातली बाई एकटी नव्हती. तिनं पाठवलेला पेशंट हॉस्पिटलात आला की तिचा मान राखला जायचा, गावासमोर तिची किंमत वाढायची. डॉक्टरांनी करायचं ते डॉक्टरच करत होते. पण ज्या कामाला पदवी लागत नाही, ते पदवीमागं दडवून ठेवलं नव्हतं.

परिणाम मोजले गेले. बालमृत्यूचा १७६ चा आकडा पहिल्या पाच-सहा वर्षांतच खूप खाली आला आणि नव्वदीच्या दशकात पंचविशीच्या आसपास पोचला. गरोदर बायकांची तपासणी, लसीकरण, कुटुंब नियोजन, सगळंच वाढलं. गावांची संख्याही वाढत सत्तरच्या घरात गेली. बायकांची महिला मंडळं झाली, बचत झाली, दारू आणि हुंड्यावर बोलणं सुरू झालं. कृत्रिम पाय बनवायची कार्यशाळा आली, तीही गावातल्या कारागिरांना शिकवून.

संशोधनात प्रामाणिक राहायचं तर दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या काळात सगळ्या महाराष्ट्रातच बालमृत्यू कमी होत होते, मग जामखेडचा वाटा किती? २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक अभ्यास आला. प्रकल्पातली गावं आणि शेजारची गावं यांची त्यात तुलना होती. पहिला महिना ओलांडलेल्या, पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. पहिल्या महिन्यातल्या बाळांबाबत मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे गावातली शिकलेली बाई पुष्कळ काही करू शकते, सगळं नाही. अगदी नवजात बाळासाठी चांगलं हॉस्पिटलही जवळ लागतं. डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांनी हे दोन्ही लक्षात ठेवण्यासारखं.

जामखेड ते अल्मा-आटा

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या सहभागातून चालणाऱ्या जगभरच्या आरोग्य प्रकल्पांवर एक पुस्तक काढलं. चीन, टांझानिया, ग्वाटेमालाच्या बरोबरीनं त्यात जामखेड होतं, आणि ते प्रकरण मेबल-रजनीकांत यांनीच लिहिलं होतं. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि प्राथमिक आरोग्य सेवा हा सगळ्यांचा हक्क असल्याचं जाहीर झालं. त्या विचाराला बळ देणाऱ्या उदाहरणांत आपल्या दुष्काळी पट्ट्यातला हा तालुका होता.

१९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये पद्मभूषण. १९९४ मध्ये त्यांनी जामखेडच्या अनुभवावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते आज देशोदेशी सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांच्या हातात दिसतं. जामखेडमध्ये प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. परदेशातले डॉक्टर, भारतातले अधिकारी, मेडिकलचे विद्यार्थी तिथं शिकायला यायला लागले. शिकवणाऱ्यांमध्ये त्याच गावच्या बायका. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ तर अमेरिकेच्या राजधानीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलून आल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांशेजारी त्यांनी साधी पणती ठेवली, आणि एका पणतीवरून दुसरी पेटवता येते, एवढंच दाखवून दिलं.

सप्टेंबर १९९९ मध्ये मेबल गेल्या. वय ६३. रजनीकांत यांनी पुढं बारा वर्षं, २०११ मध्ये जाईपर्यंत, काम चालू ठेवलं. त्यांची मुलं आणि त्या गावोगावच्या बायका आजही ते चालवतात.

आपल्यासाठी काय?

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगावी आशा नेमल्या गेल्या. गावातलीच बाई गावाचं आरोग्य पाहील, ही कल्पना देशानं स्वीकारली, ती घडवण्यात जामखेडसारख्या प्रयोगांचा हात होता. पण कल्पनेतली एक गोष्ट घेतली आणि दुसरी निसटली. बाई घेतली, तिला दर आठवड्याला शिकवणारी, तिचं ऐकून घेणारी, तिचा मान वाढवणारी डॉक्टर मात्र सगळीकडे पोचली नाही. आज आशाताई रजिस्टर भरण्यात आणि मानधनासाठी मोर्चे काढण्यात दमलेल्या दिसतात, त्याचं एक कारण हेही असावं.

म्हणून हा विषय फक्त मेडिकलवाल्यांचा नाही. नांदेडला विष्णुपुरीत शिका, लातूरला शिका, अंबाजोगाईला शिका, किंवा बीए, बीएस्सी, नर्सिंग, समाजकार्य काहीही करा. एनएसएसचं शिबिर प्रत्येकाच्या वाट्याला येतं. सात दिवस गावात जायचं, रस्ता झाडायचा, रांगोळी काढून फोटो काढायचे, हा झाला नेहमीचा शिरस्ता. त्याऐवजी एक गाव धरून घरोघर जाऊन विचारता येईल. गेल्या वर्षी किती बाळं जन्मली, किती गेली, पाणी कुठून येतं, गरोदर बाई तपासणीला कितव्या महिन्यात गेली. ते आकडे ग्रामसभेसमोर ठेवता येतील. पुढच्या वर्षीच्या बॅचनं त्याच गावात जाऊन पुन्हा मोजायचं. जामखेडची सुरुवात अशीच एका मोजणीनं झाली होती.

आणि शिबिराच्या पहिल्या दिवशी गावातल्या आशाताईंना शोधा. त्यांना समोर खुर्ची द्या, तुम्ही खाली बसा, आणि त्यांना काय माहीत आहे ते आधी ऐकून घ्या. मेबल आरोळे यांनी आयुष्यभर तेच केलं.